लागोपाठ दोन सुट्ट्या

माझी धाकटी नणंद डोळ्यांच्या दवाखान्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. हुशार आहे, आणि ते तिला कुणी सांगावं लागत नाही.

रुग्णांना पुढच्या तारखा देणारा नवा प्रोग्रॅम तिच्या वाट्याला आला. तिच्या खोलीत निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ बसायचे. सदानकदा काहीतरी दुरुस्त करत असायचे, म्हणून सगळे त्यांना खोडरबर म्हणत. ते म्हणाले, "अगं, तारखांचा माझा कोड तयार आहे. बारा वर्षं चाललाय. तोच घे ना."

"मी कुणाचं उष्टं खात नाही, काका."

हशा पिकला. खोडरबरही हसले, मान खाली घालून.

तीन आठवडे खपून तिने स्वतःचा कोड लिहिला. सुटी आली की तारीख एक दिवस पुढे. झालं!

मग एका सोमवारी दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीशी एक म्हातारी आली. डोळ्यावर पट्टी. टाके काढायला आदल्या दिवशी दोन बस बदलून आली होती, तर दाराला कुलूप. शनिवारी सुटी पडली म्हणून कोडने तिला रविवार दिला होता.

"तारीख नीट वाचायची ना, आजी!" खिडकीतली बाई खेकसली.

नणंद मागेच उभी होती. चिठ्ठीवरचा रविवार तिला दिसला.

"वहिनी, मी गप्प बसले गं," ती नंतर मला म्हणाली. "पाणी प्यायच्या निमित्ताने सटकले."

वर आपल्या जागेवर येऊन तिने खोडरबरांचा कोड पहिल्यांदा उघडला. 'दुसरा दिवसही सुटीचा असल्यास आणखी पुढे.' शेजारी त्यांची टीप होती: 'एक आजोबा बंद दाराशी तीन तास बसले. चूक माझी.' खाली तशाच कितीतरी टिपा. एकेक ओळ कुणाच्या तरी हेलपाट्यातून आलेली.

स्वतःचा कोड काढून त्यांचा जोडायला दहा मिनिटं लागली. खोडरबरांनी पाहिलं आणि पुन्हा आपल्या दुरुस्तीला लागले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

खाली म्हातारी अजून बाकावर होती.

"आजी, तारीख मी चुकवली."

"असू दे गं. मला वाटलं, मलाच आता वाचता येईना."

नणंदेने तिची चिठ्ठी हातात घेतली. मग ती खिडकीपाशी गेली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपलं तेच वाक्य पुन्हा म्हणाली.