समेवरचा श्वास

वारज्यातल्या एका हॉलमध्ये आम्ही चौघे बासरीवाले कथकच्या तराण्याची तालीम करत होतो. कार्यक्रम उद्यावर आला होता आणि नाचणाऱ्या मुलीचे घुंगरू आमच्या सुरांत बुडत होते. संगीत बसवायला आलेल्या गृहस्थांचं नावही मी विचारलं नव्हतं. त्यांनी आम्हाला थांबवलं, तिला नुसतंच नाचायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. तिचा पाय समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला की त्यांची मान हलकेच झुकायची.

मग म्हणाले, "समेवर कुणी वाजवायचं नाही. तिथे श्वास घ्यायचा."

"अहो, समेवरच गप्प बसायचं?" मी विचारलं.

"सम तिच्या पायाची आहे. आपण तिला फक्त तिथवर सोडायला जायचं."

पुन्हा वाजवलं. समेला चारही बासऱ्या थांबल्या आणि तिचा पाय पडला.

इतकी वर्षं मी सम वाजवत आलो होतो. ऐकली त्या दिवशी.