उराशी बांधलेलं बाळ

वाळत्या मोहफुलांचा वास आला की तोरणमाळच्या उतारावरची ती झोपडी आठवते. कमी वजनाचं बाळ आईनं दिवसभर उघड्या छातीशी धरलं तर तगतं, असं संशोधन सांगतं. ते इथं कितपत जमेल, हे पाहायला मी गेले होते. शहाद्याकडच्या नर्सबाईंनी झोपडीतल्या बाळंतिणीला तिच्या पावरी बोलीत समजावलं. आईनं लगेच बाळ ओढणीनं उराशी बांधलं, मग रिकाम्या हंड्याकडे पाहत काहीतरी बोलली. नर्सबाई म्हणाल्या, "ती म्हनस, पानी कोन आनी? नवरा गुजरातमा ऊस तोडाले जायेल शे." आईनं गाठ सोडली, बाळ माझ्या हातात दिलं आणि हंडा घेऊन दरीत उतरली. ती परत येईपर्यंत त्याचे तळवे गार पडले होते. परवा बाळं वाचवण्याच्या उपायांच्या आढावा बैठकीत यादीतल्या याच उपायापुढे 'बिनखर्ची, सहज शक्य' असं लिहायचं ठरत होतं. मी विचारलं, "आणि पाणी कोण आणणार?" सगळे यादीतल्या पुढच्या उपायाकडे वळले.