एका पंगतीतली दोन कासवं

आष्ट्यात बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मागच्या गल्लीत गुणमालाअक्काशी वाद घालायला कुणी धजत नसे. बाई खोटं बोलत नव्हती, कुणाचं ओरबाडत नव्हती, चुकायचीही फारशी नाही, आणि लोकांना जड जायचं ते हेच. सकाळी बस्तीत दर्शन, गाळल्याशिवाय पाणी नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा घरात नाही, चातुर्मासात तर पालेभाजीसुद्धा बंद. बरं, आपण पाळतो तेवढ्यावर थांबावं की नाही? छे! दुसऱ्यानं काय पाळावं तेही अक्काच सांगणार. नवरा आदगोंडा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, देवमाणूस. कारखान्यात तीस वर्षं कामगारांचं ऐकलं, आता घरात हिचं ऐकत होता.

मुलगा सम्मेद आठवीत असताना त्यानं सांगलीहून एक कासव आणलं होतं. रुपयाएवढं, कानामागं लाल पट्टा. सम्मेद शिकला, बेंगलोरला गेला, कासव मागं राहिलं. नऊ वर्षांत ते जेवणाच्या ताटलीएवढं झालं. परसात त्याला सिमेंटची टाकी होती, नाव होतं शांतू. मुनिसुव्रत भगवंतांचं लांछन, म्हणजे ओळखीचं चिन्ह, कासव, त्यामुळं अक्काला त्याचा भारी गर्व. येईल त्याला परसात नेऊन दाखवायची. "काकडी खातंय, दुधी खातंय. मुंगीला धक्का लावला न्हाई कधी. शेवटी संगतीचा परिणाम."

'संगत' हा शब्द ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, भिंतीपलीकडं ऐकू जावा म्हणून. पलीकडं शालूबाई राहायची. तिचा नवरा फौजेत होता, तो वारला, आता मुलगा विश्वजीत फौजेत. शालूबाई बुधवारी-रविवारी तव्यावर सुकट भाजायची, आणि त्या वासावरून दोघींचं अकरा वर्षं हाडवैर होतं. अक्कानं खिडक्या दाणदाण आपटाव्यात, शालूबाईनं अजून मूठभर सुकट तव्यावर टाकावी. त्यात विश्वजीतनं एका सुट्टीत आईसाठी तसलंच एक कासव आणलं. तळहाताएवढं होतं. नाव ठेवलं फौजी, आणि ते सुकटीवरच वाढत होतं.

यंदा आषाढात विश्वजीतच्या बायकोचं, रेश्माचं, बाळंतपण आलं. शालूबाईला दोन महिने पठाणकोटला जायचं होतं. कासवाचं करायचं काय? शेवटी ती भिंतीशी आली.

"अक्का, फौजीला दोन म्हैनं कुठं ठिवू? आटपाडीला भावाकडं न्यावं तर तितं माणसालाच टँकरचं पाणी."

"ठेव की आमच्याकडं," आदगोंडा बोलून गेला. अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की त्याच्या हातातला पेपर खाली आला.

"ठेव," अक्का म्हणाली. "पण ती मेलेली मासळी माझ्या घरात यायची न्हाई. दोन महिन्यांत तुझं कासव शाकाहारी करून देते. बघच तू."

"आवं, कासव हाय ते. सून न्हाई तुमची, वळण लावायला!"

"लावलं तर जनावरालाबी वळण लागतं. तुमच्यात लावणारं कुणी न्हाई, एवढंच."

शालूबाईच्या तोंडावर शिवी आली होती, पण तिकीट काढून झालेलं. तिनं शिवी गिळली, कासव दिलं, सुकटीचा डबा भिंतीवर ठेवला आणि गेली. डबा अक्कानं आत घेतला नाही. तीन दिवसांत मांजरांनी तो फस्त केला.

आदगोंडानं जनावरांच्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, "एका टाकीत ठेवू नका. या जातीला सोबत लागत नाही. मोठं बारक्याला चावतं. आणि बारक्याला मासळी द्यावी लागेल." आदगोंडानं लगेच एक निळा टब विकत आणला. अक्कानं त्यात चादरी भिजत घातल्या.

"अगं, डॉक्टर सांगतोय."

"डॉक्टरला काय कळतंय? वेगळं ठेवलं तर ते कुणाचं बघून शिकणार? शांतूच्या पंगतीला बसलं की आपोआप खाईल."

खरं तर तिला फौजी शिकायला नको होता, शालूबाई हरायला हवी होती. हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं, पण बस्तीत तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की एका जिवाला हिंसेतून सोडवतेय. आता माघार कशी घ्यायची?

चातुर्मास सुरू झाला आणि दोघांच्या वाट्याला दुधी आणि काकडी, काकडी आणि दुधी. फौजी नाक लावायचा आणि तोंड फिरवायचा. महिना होत आला तेव्हा त्याच्या मागच्या पायाचं एक नख गेलेलं दिसलं, कातडी लाल झालेली.

"शांतू चावला असणार," आदगोंडा म्हणाला.

"शांतू? कायतरीच बोलू नका. टाकीची कड लागली असंल. न्हाईतर ह्यानंच आधी खोड काढली असंल. मासळीचं रक्त ते!"

शालूबाईचा दर रविवारी फोन यायचा. नातू झाला होता, तरी पहिला प्रश्न कासवाचा. "फौजी कसा हाय?"

"मजेत हाय," अक्का म्हणाली. "दुधी खायला लागलाय."

आयुष्यात पहिल्यांदा बाई धडधडीत खोटं बोलली. फोन ठेवला, पण टब काही तिनं रिकामा केला नाही.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. त्यातल्या 'उत्तम सत्या'च्या दिवशी बस्तीत खरं बोलण्यावरचं प्रवचन ऐकून ती भर दुपारी घरी आली आणि पाय धुवायला परसात गेली. टाकीत खळबळ चालली होती. शांतूनं फौजीला कोपऱ्यात दाबून धरलं होतं. मागचा पाय तोंडात, आणि मानेला हिसडे देत तो ओढत होता. फौजी सिमेंटवर पुढची नखं घासत होता. कासवाला ओरडताही येत नाही. अक्काच ओरडली. तिनं पाण्यात हात घातला, शांतूला मारलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा मारलं, तरी तो सोडेना. पळीचा दांडा जबड्यात घालून तिनं तोंड उघडलं तेव्हा फौजीचा पंजा आत राहिला होता.

डॉक्टरनं जखम बांधली. "पाय गेला. जगेल का, ते आता खाण्यावर आहे. आधीच उपाशी आहे ते. आणि अक्का, तुमचं शांतू दुधीवर जगलं असं समजू नका. टाकीतल्या अळ्या आणि गोगलगाई खाऊन जगलं ते. आता खाण्यात वाटेकरी आला, तर त्यालाच धरलं."

अक्का पायरीवर बसली. आदगोंडानं निळ्या टबातल्या चादरी काढल्या, टब धुतला आणि फौजीला घेऊन शालूबाईच्या पडवीत गेला. रोज तिथं बसून, नाकाला उपरणं लावून, तो त्याला सुकट घालायला लागला. ती कुठून आणतो हे अक्कानं विचारलं नाही. पाय तुटला त्याच संध्याकाळी तिनं पठाणकोटला फोन लावला.

"शालूबाई, मी खोटं बोलले. माझ्या शांतूनं तुझ्या फौजीचा पाय तोडला. वेगळं ठेवा म्हणून डॉक्टरनं सांगितलं होतं. मी ठेवलं न्हाई."

पलीकडं बाळ रडत होतं. मग फोन बंद झाला.

शालूबाई तिसऱ्या दिवशी आली. गल्ली कान टवकारून बसली होती, आता भिंतीवरून काय काय उडतंय बघू. काही उडालं नाही. शिव्या आल्या असत्या तर अक्काला सोपं गेलं असतं, तिच्याकडं उत्तरं तयार असायची.

पर्व संपलं, क्षमावणीचा दिवस उजाडला. या दिवशी अक्का दरवर्षी घरोघरी जाऊन क्षमा मागायची, वर्षभरात आपलं काही चुकलंच नाही अशा थाटात मागायची. शालूबाईचं दार मात्र अकरा वर्षं तिनं चुकवलं होतं. यंदा ती तिथंच आधी गेली.

शालूबाई उंबऱ्यात उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"चुकलं माझं. क्षमा कर."

"मला कशापायी मागतायसा? माझा पाय गेला न्हाई. ज्याचा गेलाय त्याला मागा." आणि ती बाजूला सरकली.

पडवीत टब होता. टबात वीट, आणि विटेवर फौजी तीन पायांवर रेलून ऊन खात होता. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्का गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, वाकली आणि तिनं हात जोडले.

"चुकलं रं बाबा," ती म्हणाली. "लय चुकलं."

तिची सावली विटेवर पडली तशी फौजीनं मान आत ओढली, तिन्ही पाय ओढून घेतले आणि घसरून पाण्यात पडला.

"बगा," शालूबाई म्हणाली. "त्याच्या लेखी तुमीच चावलासा."

अक्का थोडी मागं सरकली, टबावर ऊन येईल अशी, आणि फरशीवर बसून राहिली. आदगोंडा दोनदा बोलवायला आला. फौजीनं मान बाहेर काढली नाही, आणि अक्का उठली नाही.