ओट्याची उंची

नेरच्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा मी तिघांकडून अंदाज मागवले. पंचायत समितीत कारकुनी करणारा माणूस मी. तुलनात्मक तक्ता करायची सवय घरीही सुटत नसे. वहीत रकाने पाडले: ग्रॅनाइट, टाइल्स, नळ, मजुरी, किती दिवस.

पहिले दोघे ठेकेदार आले, टेप टाकून मापं घेऊन गेले. तिसरा एक म्हातारा मिस्त्री होता. तो आल्या आल्या बायकोला म्हणाला, "ताई, पोया लाटता तशा उभ्या राहा बरं." ती लाजली, माझ्याकडे पाहून हवेतच लाटणं फिरवू लागली. त्यानं तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. ती ठेंगणी आहे. "ओटा खाली घ्या लागन, साहेब. मंग सांडपाण्याचा पाइपही फोडून खाली न्या लागन." त्यामुळे त्याचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. माझ्या तक्त्यात उंचीचा रकानाच नव्हता.

मी सगळ्यांत कमी आकड्याच्या ठेकेदाराला काम दिलं. बायकोला सांगितलं ते त्याला होकार देऊन आल्यावर.

"मले त्या मिस्त्रीचं पटलं होतं," ती म्हणाली आणि भांडी खोक्यात भरू लागली.

ओट्याचं काम निघालं त्या दिवशी ती माहेरी दिग्रसला होती. ठेकेदारानं विचारलं, "साहेब, उंची किती ठेवाची?" मी भिंतीला लागून उभा राहिलो. त्यानं माझ्या कमरेच्या जरा वर पेन्सिलीनं खूण केली.

ओटा देखणा झाला. शेजारणी पाहून गेल्या. पुढे तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आम्ही वयाला दोष दिला, मलम आणलं. पोळ्या लाटताना ती टाचा उचलून उभी राहते, हे मला दिसलं निवृत्तीनंतर, सकाळचा घरी बसू लागलो तेव्हा. तोवर तिची चार वर्षं तशी गेली होती.

उभं राहायला लाकडी फळी आणून दिली. फळीवरून ती एकदा घसरली, मग तिनं ती उचलून ठेवली. मी त्या म्हाताऱ्या मिस्त्रीची चौकशी केली. नजर अधू झाल्यामुळे त्यानं काम सोडलं होतं.

"दुसरा पाहतो. फोडून पुन्हा करू," मी म्हणालो.

"आता कायले फोडता? सवय झाली मले."

"माझं चुकलं."

तिनं तव्यावरची पोळी उलटली. "तेव्हा मले इचाराले पाह्यजे होतं," एवढंच म्हणाली आणि माझं ताट वाढायला घेतलं.