चमन नदाफ आणि बनाची सीट

चमन नदाफच्या घरात कापूस पिंजायचा धंदा. त्याचे वडील शमशुद्दीन खांद्यावर पिंजण टाकून कागल, बिद्रीकडची गावं फिरायचे आणि लग्नसराईत लोकांच्या अंगणात बसून गाद्या भरून द्यायचे. चमननं फिरती सोडली. उद्यमनगरात माझ्या वेल्डिंगच्या शेडला लागून त्यानं मोटारींच्या कुशनचं दुकान घातलं. ट्रकच्या सीटा, जीपची हूडं, ट्रॅक्टरवरच्या गाद्या, असलं सगळं काम तो करायचा. उंच, हडकुळा माणूस. काम करताना तोंडात बारीक खिळे धरलेले असायचे, त्यामुळं दिवसभरात त्याच्याकडून चार वाक्यं ऐकायला मिळाली तरी पुष्कळ. त्याची बायको ताजबी मागच्या खोलीत मशीनवर शिवायला बसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

सत्तर साल असेल. एके सकाळी आमच्या गल्लीत एक हिरवी, बुटकी, बिनछताची मोटार येऊन थांबली. विलायती बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी. दारावरून हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल इतकी ठेंगणी. आत हंबीरराव बसले होते. कागलजवळच्या एका गावचे ऊसवाले शेतकरी, तरुणपणी लाल मातीत घुमलेले, देह तसाच राहिलेला. असला माणूस असल्या गाडीतून बाहेर येताना बघून गल्लीतली चार माणसं हसली. हंबीररावही हसले. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती पुण्यात विकत घेतली होती आणि घरच्या जीपपेक्षा तिच्यावर त्यांचा जीव जास्त होता.

त्यांनी चमनला गाडीच्या मागं नेलं. सीटांच्या पाठीमागं एक आखूड कप्पा होता, पिशव्या ठेवण्यापुरता.

"ह्यात माझी दोन पोरं बसली पायजेत," ते म्हणाले.

चमननं तोंडातले खिळे काढले आणि पोरं केवढी आहेत ते विचारलं. मग हंबीररावांनी जे सांगितलं ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. जुळी होती. ज्ञानू आणि बना, चार वर्षांची. दीड वर्षाची असताना दोघांना एकदमच ताप आला. ज्ञानू उठून खेळायला लागला. बनाचे पाय मात्र लुळे पडले, आणि पाठीतला जोर असा गेला की आधार काढला की ती एका अंगावर कलंडायची. जीपमध्ये आईच्या मांडीवर निजवून न्यायचे, तर पोरीला टपाशिवाय काही दिसायचं नाही. या उघड्या गाडीत मात्र ती आडवी असली तरी झाडं, तारा, पाखरं दिसायची, आणि ती रडायची थांबायची. म्हणून हीच गाडी. पण पुढच्या एका सीटवर आई आणि तिच्या मांडीवर दोन पोरं, असं चाललं होतं. गेल्या महिन्यात म्हैस आडवी आली, ब्रेक दाबावा लागला आणि ज्ञानूचं कपाळ काचेवर आपटलं.

लहान मुलांसाठी मोटारीत वेगळी सीट असते हे तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. चमन बराच वेळ त्या कप्प्यात हात घालून चाचपत राहिला. मग त्यानं मला हाक मारली. नुसती गादी टाकून भागणार नाही, लोखंडी सांगाडा करून तो गाडीच्या तळाला बोल्टानं आवळायला लागेल, असं त्याचं म्हणणं. मी खाली झोपून बघितलं, तर कप्प्याच्या फळीखालीच बॅटरी होती आणि बाजूनं ब्रेकची नळी गेलेली. चुकीच्या जागी भोक पडलं असतं तर गाडीच बंद. शेवटी बॅटरीचं झाकण मोकळं राहील असा सांगाडा मी वाकवला. त्यावर चमननं स्प्रिंगा न घालता काथ्या आणि कापूस भरला, वरून रेक्झिन चढवलं. खांद्यावरून आणि कमरेवरून घ्यायला जाड पट्टे ताजबीनं शिवून दिले.

सीटा दोन झाल्या. सुरुवातीला हंबीरराव म्हणाले होते, बनाचीच नीट करा, ज्ञानू काय, कसाही बसतो. पण त्यांची बायको चिमणाबाई एकदा गाडीबरोबर आली होती. डोक्यावरचा पदर नीट करत, माझ्याकडं किंवा चमनकडं न बघता, तिनं ताजबीला सांगितलं, "दोनी एकसारक्या करा. तिला निराळं बसवलं की कळतंय तिला."

पोरांना बसवायच्या आधी बघून घ्यायचं म्हणून चमननं दोन पोत्यांत जोंधळे भरले, पोरांच्या वजनाइतके, आणि ती पट्ट्यांनी सीटांत बांधली. हंबीरराव गाडी घेऊन जोतिबाच्या डोंगराकडं निघाले, शेजारी चमन. मी मागून मोटारसायकलवर. वाटेत माणसं थांबून बघत होती. घाटातल्या दुसऱ्या वळणाला डावीकडचं पोतं पट्ट्यातून सरकलं, खाली वाकलं आणि तोंड खाली करून दोन सीटांच्या मधे अडकून बसलं. हंबीररावांना हसू आलं. गाडी बाजूला घेऊन ते मागं वळले, त्या पोत्याकडं बघितलं, आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं.

त्यानंतर आठवडाभर चमन त्या सीटेला हात लावेना. ट्रकची कामं करायचा आणि मधेच उठून तिच्यापुढं उभा राहायचा. एका रविवारी तो ताजबीला घेऊन हंबीररावांच्या घरी गेला. परत आल्यावर त्यानं मला जे सांगितलं, तेवढं सलग तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. चिमणाबाई पोरीला कशी घेऊन बसते ते बघायला तो गेला होता. ती एक मांडी घालायची, दुसरा गुडघा उभा करायची, डावा हात पोरीच्या पाठीमागून घ्यायची आणि पोरीचं बूड मांडीच्या खोलगटात बसवायची. बना तेवढ्याच एका जागी सरळ बसायची. परक्या बाईच्या मांडीचं माप कसं घेणार, म्हणून त्यानं ताजबीला तसंच बसवलं आणि पोरगी तिच्या मांडीवर दिली. मग सुतळीनं आणि तरटाच्या पट्ट्यांनी तो ताजबीभोवती मापं घेत राहिला. तेवढ्यात बनाला झोप लागली. मापं झाली तरी ताजबी हलली नाही, आणि चमननंही तिला ऊठ म्हटलं नाही. संध्याकाळची शेवटची एस.टी. गेली, तेव्हा हंबीररावांनीच दोघांना जीपनं आणून सोडलं.

नवी सीट खोलगट होती. बूड आत बसेल, गुडघे किंचित वर राहतील आणि डाव्या अंगाला जाड, मऊ आधार असेल अशी. ज्ञानूचीही तशीच. पोती पुन्हा जोतिबाला जाऊन आली. या खेपेस ती हलली नाहीत.

पहिल्यांदा पोरांना बसवलं त्या दिवशी ज्ञानूनं इतका दंगा केला की पट्टे लावायला तिघं लागले. त्याला बांधून घ्यायचं नव्हतं, आणि तो बापाच्या पाठीत लाथा घालत होता. बनानं मात्र पट्टे लावू दिले. हंबीररावांनी गाडी रंकाळ्यावर नेली, आम्हाला दोघांनाही मागून या म्हणाले. तिथं चिमणाबाईनं भेळेचा कागद धरून पोरीला भरवायला हात पुढं केला, तर बनानं मान वळवली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढं केले. आतापर्यंत तिचा एक हात कायम कशाला तरी धरलेला असायचा, आईच्या खांद्याला, खाटेच्या कडेला. आता तिनं एका हातात कागद धरला आणि दुसऱ्या हातानं खाल्लं. अर्धी भेळ सांडली. चिमणाबाई तळ्याकडं तोंड करून उभी राहिली. चमन म्हणाला, "पट्टा खांद्यावर जरा काचतोय. आत लोकर घालाय पायजे."

त्यानंतर ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बिद्रीकडचा गुंडू नावाचा एक म्हातारा नातवाला पाटीत घालून सायकलवरून घेऊन आला. त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसेल अशी सीट करून दिली. मग बैलगाडीत ठेवायच्या, चुलीजवळ ठेवायच्या, शाळेत न्यायच्या. तापानं पाय गेलेली इतकी पोरं आसपास असतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. ती घरातच असायची, म्हणून दिसत नव्हती. चमनची ट्रकची कामं मागं पडायला लागली आणि गॅरेजवाले दुसऱ्याकडं जाऊ लागले. त्याचं त्याला काही वाटल्याचं दिसलं नाही.

पण दीड-दोन वर्षांनी एक वाईट बातमी आली. बनाला मिरजेला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी सीट बघितली, चांगली केलीय म्हणाले, पण पोर वाढली तशी ती बदलायला हवी होती. डाव्या अंगाच्या मऊ आधारावर रेलायची पोरीला सवय लागली होती आणि तिचा कणा तिकडं वाकू लागला होता. आता आधार दोन्हीकडून सारखा, टणक आणि कमी हवा, पाठीला स्वतःहून काम करू द्यायला हवं. हंबीररावांनी हे चमनला अगदी सहज सांगितलं, दोष देत नव्हते. चमननं हातातली कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो मला घेऊन कागलच्या एस.टी.त बसला.

सीट तोवर गाडीतून घरात आली होती. बना सोप्यात त्या सीटेत बसून पाटीवर रेघोट्या मारत होती. सीट न्यायला आलोय म्हटल्यावर तिनं दोन्ही हातांनी सीटेच्या कडा धरल्या.

"ही माजी हाय. न्हाय देणार."

हंबीरराव तिला समजवायला लागले, नवी आणू, लाल रंगाची आणू. चमननं त्यांना हातानं थांबवलं आणि तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"बना, चूक माजी झालीया," तो म्हणाला. "डाव्या अंगाला मी तुला लई मऊ दिलं. तू त्यावर टेकलीस, तुजा काय दोष न्हाय. पर त्यानं तुजी पाठ वाकाय लागलीया."

तिनं विचार केला. "नवी दुकंल?"

चिमणाबाईनं चमनकडं बघितलं. मला वाटलं, तो न्हाय म्हणेल.

"दुकंल," चमन म्हणाला. "थोडं दिवस लई दुकंल. मग कमी हुईल."

पोरीनं कडा सोडल्या नाहीत. बाहेर अंगणात ज्ञानू गोट्या खेळत होता, त्याच्याकडं तिनं बराच वेळ बघितलं.

"मग ज्ञानूचीबी तसलीच करा," ती म्हणाली.

ज्ञानूनं बाहेरून जोरात नकार दिला, पण सीट आम्हाला मिळाली. नवी सीट खरंच दुखली. पहिले पंधरा दिवस बना रडायची आणि चिमणाबाई तिच्याबरोबर बसून रडायची. ताजबी दर रविवारी हंबीररावांच्या घरी जायची आणि पोरीच्या पाठीला तेल लावायची. कणा पूर्ण सरळ झाला नाही. वाकायचा मात्र थांबला.

त्या दिवसापासून चमननं एक रीत ठेवली. सीट नेणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, पोर वाढली की परत घेऊन या. लोक हो म्हणायचे आणि यायचे नाहीत. मग सुट्टीच्या दिवशी तोच पिशवीत कात्री, सुतळी आणि थोडा काथ्या घालून एस.टी.नं गावोगाव जायचा. कुठं चहा मिळायचा, कुठं दारातूनच बोळवण व्हायची. एकदा एका गावात पोर गेलं होतं आणि सीटेत कोंबडी अंड्यांवर बसवली होती. तिथून आल्यावर तो दोन दिवस दुकानात आला नाही.

हिरवी गाडी हंबीररावांनी पुढं बेळगावच्या एकाला विकली. पोरं तिच्यात मावेनाशी झाली होती.

बना एकोणीस वर्षांची झाली तेव्हा, म्हणजे पंच्याऐंशी साली, ती आमच्या गल्लीत पुन्हा आली. हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर. मॅट्रिक होऊन गावच्या दूध संस्थेत हिशेबनीस म्हणून तिला नोकरी लागली होती, आणि सायकलवरची फळकुटाची सीट तिला सोसत नव्हती. चमनच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू झाला होता. कापायचं काम ताजबीच करायची, तो बोटांनी चाचपून सांगायचा. त्यानं पाठीचा आधार खांद्यापर्यंत धरला.

"तेवढा उंच नको," बना म्हणाली. "कमरंपत्तोर द्या. हात फिरवाय मोकळं पायजे मला."

चमन म्हणाला, वळणावर तोल जाईल.

"जाईल. पडलो तर बघू."

चमननं हातातलं रेक्झिन तसंच धरून ठेवलं. मग त्यानं तिलाच विचारलं, कुठपर्यंत, नक्की दाखव. तिनं त्याचा हात धरून आपल्या पाठीमागं नेला आणि बोट टेकवलं. तिथं ताजबीनं खडूची रेघ ओढली.

दुपारपर्यंत सीट झाली. ज्ञानू जीप घेऊन तिला न्यायला आला होता. सायकल मागं चढवू म्हणाला, तर तिनं ऐकलं नाही. हायवेपर्यंत मी चालवत येतो, तू मागनं ये, असं म्हणून ती निघाली. गल्लीच्या तोंडाशी रस्ता वळतो, तिथं सायकल जरा कलली. ताजबीनं चमनचा दंड धरला. बनानं एका हातानं चाक आवरलं, सायकल सरळ केली आणि ती वळणापलीकडं गेली.

"गेली काय?" चमननं विचारलं.

"गेली," ताजबी म्हणाली.