न मोजता लिहिलेली नाडी

हे मी एकोणीस वर्षं कागदावर उतरवलं नव्हतं. तोंडातूनही काढलं नव्हतं. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, होस्टेलच्या एका खोलीत माझ्यासोबत तीन वर्षं काढलेल्या मैत्रिणीजवळही नाही. आता सांगते. पण कुठून सांगू?

दवाखान्यापासून सांगते. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागूनच माझा दवाखाना आहे. सकाळी गावातले पेशंट, संध्याकाळी सेक्टरमधल्या सोसायट्यांतले. माझ्याबद्दल सगळे एकच सांगतात – ही डॉक्टर हात लावून तपासते. नाडी स्वतः धरते, बीपी स्वतः घेते, पाच मिनिटं बसवून परत घेते. लोकांना तो जिव्हाळा वाटतो. जिव्हाळा कसला? ती भीती आहे. आणि ती मला कुठे लागली, हे फक्त मलाच माहीत होतं.

एमडी करताना मी मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डात होते. रेसिडेंट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कसं सांगावं? डिग्री शिकायला आलेला डॉक्टर, पण वॉर्ड त्याच्याच खांद्यावर. सलग दीड-दीड दिवस ड्युटी. आमचे सर दुपारी तीनला राउंडला यायचे. ते आधी पेशंटकडे नाही, केसपेपरकडे बघायचे. एकही रकाना रिकामा दिसला की पेपर भिरकावायचे. पहिल्याच महिन्यात माझा पेपर तसा जमिनीवर पडला होता. कारण मी दम लागलेल्या एका आजींजवळ बसून राहिले होते, लिहायचं राहून गेलं होतं. त्याच राउंडला दुसऱ्या एका रेसिडेंटला शाबासकी मिळाली. त्याने अर्धे आकडे मनाने भरले होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मी जे शिकले ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं – कागद भरलेला असला की आपण सुटलो.

पण हे कारण म्हणून सांगत नाहीये. होस्टेलमधली माझी ती मैत्रीण त्याच वॉर्डात होती, माझ्याइतकीच जागलेली, तेच सर, तोच ओरडा. ती उठून पेशंटजवळ जायची. मग मी का नाही उठले?

चौदा नंबरच्या बेडवर तळवलीच्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या. गुडघेदुखीसाठी दुकानातून गोळ्या आणून खायच्या, त्यानं पोट बिघडलं म्हणून दाखल झालेल्या. बोलक्या फार. आदल्या दिवशी मी सलाईन लावत होते, तर माझा हात धरून म्हणाल्या, "बाय, तुजा लगीन झाला का नाय गो?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी आजूबाजूच्या बेडवरच्या बायकांना विचारायला सुरुवात केली, कुणाकडे चांगला मुलगा हाय का. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी टेबलाशी बसून केसपेपर भरत होते. एकामागून एक. वॉर्डच्या सावंत सिस्टर आल्या. मालवणकडच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, पण आम्हा पोरींना मॅडमच म्हणायच्या.

"मॅडम, चौदा नंबरला जरा बघा ना. घाम फुटलाय, हात गार लागतायत."

"हो, बघते," मी म्हटलं.

आणि बघितलं नाही. टेबलापासून चौदा नंबर किती लांब? वीस पावलं असतील. मी चौदा नंबरचा पेपर पुढे ओढला आणि लिहिलं – दुपारी दोन, नाडी ८४, बीपी १२०/८०, तक्रार नाही. खाली सही केली. मग पंधराचा पेपर घेतला.

सर तेराव्या बेडपर्यंत आले होते, तेवढ्यात चौदा नंबरच्या बाई कोसळल्या. पोटात अल्सर फुटून रक्त जात होतं, बहुतेक सकाळपासूनच. मग धावपळ झाली, रक्त चढवलं, सर्जन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. त्यांच्या मालकांनी बाहेर मला हात जोडले. "डॉक्टरीनबाय, तुमी लय केलात तिच्यासाठी."

दोनला उठले असते तर वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण 'माहीत नाही' या शब्दांच्या आडोशाला मी फार वर्षं बसले.

चौकशी झाली. सरांची केबिन, समोर चौकशीला बसलेले तिघं, एका बाजूला मी, एका बाजूला सावंत सिस्टर. टेबलावर चौदा नंबरचा पेपर. पेपर म्हणत होता, दोन वाजता डॉक्टरने तपासलं तेव्हा बाई ठीक होत्या. म्हणजे त्यानंतर बिघडल्या, आणि सिस्टरचं लक्ष नव्हतं. माझे खोटे आकडे पुरावा झाले होते.

"सिस्टर म्हणतात, त्यांनी तुम्हाला कळवलं होतं. कळवलं होतं का?" तिघांतल्या एकाने मला विचारलं.

"नाही सर."

दोनच शब्द. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मी आले होते ना तुमच्याकडे?" मी पेपरकडे बघत राहिले.

त्यांना मेमो मिळाला. इन्चार्ज सिस्टर व्हायची पाळी त्यांची होती, ती गेली. वॉर्डातून काढून त्यांना ओपीडीत जुने पेपर शोधायच्या टेबलावर बसवलं. मी एमडी झाले. चांगल्या मार्कांनी.

पुढे मोठ्या हॉस्पिटलांतून बोलावणी आली, शिकवायची नोकरीही आली. मी सगळ्यांना नाही म्हटलं. घरी सांगितलं, मुलं लहान आहेत. खरं कारण – जिथे एखादी सिस्टर येऊन 'मॅडम, जरा बघा ना' म्हणेल, अशा वॉर्डात मला उभं राहवत नव्हतं. लोकांना वाटलं, मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून बाई गावाजवळ दवाखाना चालवते. लोकांना तसं वाटू दिलं मी. गेल्या हिवाळ्यात तर नव्या रेसिडेंट डॉक्टरांपुढे भाषण द्यायला बोलावलं होतं. शाल, नारळ सगळं. भाषणानंतर एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी न बघता लिहिलंय का हो?" डोळ्यांखाली काळं होतं तिच्या. असं करणारी आपण एकटीच नाही, हे तिला ऐकायचं होतं, ते मला दिसत होतं. मी हसून म्हटलं, "आमच्या वेळी तेवढी हिंमतच नव्हती गं." ती खाली बघून निघून गेली.

यंदा सावंत सिस्टर दवाखान्यात आल्या. रिटायर झाल्यात, जुईनगरला राहतात. मिस्टरांचा बीपी दाखवायचा होता. मला ओळखलं, हसल्या. रागाचा मागमूस नाही. निघताना म्हणाल्या, "मॅडम, तेव्हा माझंच चुकलं असणार. मी नुसतं मनात म्हटलं असेन, तुमच्यापर्यंत आलेच नसेन. तेव्हापासून बघा, स्वतःवर भरवसाच राहिला नाही. गॅस बंद केला का, दार लावलं का, सगळं लेकीला विचारते."

मी त्यांची बढती घेतली, एवढंच मी धरून चालले होते. मी त्यांची आठवणही घेतली होती. आणि त्या वेळी तरी बोलले का? नाही. पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, जुईनगरला गेले. त्यांच्या हॉलमध्ये बसून सगळं सांगितलं. त्यांनी आतल्या खोलीतल्या लेकीला हाक मारून बाहेर बोलावलं.

"आता मला सांगितलंत ना, तेच हिला सांगा. पहिल्यापासून."

मी पुन्हा सांगितलं. लेक भिंतीला टेकून उभी होती. सिस्टर एकदा माझ्याजवळ आल्या, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"एकदा नाही. दोनदा आले होते मी. दुसऱ्या वेळी तुम्ही मान वर केली नाहीत." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "आता आठवलं मला. हातात ट्रे होता माझ्या."

ते दुसरं येणं मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

"त्या बाईंच्या घरच्यांना सांगितलंत?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. लेकीने माझ्यामागे दार लावून घेतलं.

त्यानंतर मी हॉस्पिटलला लेखी दिलं – नाडी मोजली नव्हती, बीपी घेतला नव्हता, सिस्टरांनी मला दोनदा सांगितलं होतं, मी चौकशीत खोटं बोलले. पोच घेतली, एक प्रत सिस्टरांच्या घरी दिली. लेकीने दारातच घेतली.

तळवलीत चौकशी केली. बाईंचे मालक आहेत अजून. जुन्या घराच्या जागी त्यांनी चाळ बांधलीय, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात म्हणे. दवाखान्यापासून रिक्षाने फार वेळ लागत नाही. मी अजून गेलेले नाही.