झिजलेल्या दगडाचे उपकार

दरवर्षी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवताना खंडांच्या गाभ्याचा धडा आला की माझं डोकं फिरतं. धडा चांगला आहे, मुलंही तशी बरी आहेत. राग येतो तो पुस्तकातल्या ‘स्थिर’ या शब्दाचा. अब्जावधी वर्षं जुन्या, खोलवर जाड मुळं असलेल्या भूभागाला आम्ही क्रेटॉन म्हणतो. आपला भंडारा जिल्हा अशाच एका क्रेटॉनच्या काठावर बसला आहे. मुलांना वाटतं, हा दगड अमरपट्टा घेऊनच आलाय. मग मला सांगावं लागतं, की नाही रे बाबांनो. कधीकधी शेजारच्या समुद्राचा तळ अशा भूभागाच्या खाली सरकतो, त्यातलं पाणी वर चढून गाभ्याच्या मुळांत मुरतं. मुळं हळूहळू मऊ पडतात, तुकड्यातुकड्यांनी खाली गळतात आणि त्यांच्या जागी खालचं तापलेलं द्रव्य वर येतं. चीनच्या उत्तरेकडे एका क्रेटॉनचा पूर्वेचा भाग असाच गेला. वरची जमीन ताणली, फाटली, ज्वालामुखी उसळले. आणि हे सगळं इतकं सावकाश, की घाईच्या माणसानं या विषयाच्या वाटेला जाऊच नये.

मला तर कायमची घाई. बाबा गेल्यावर आई करडी गावातल्या घरी एकटी राहू लागली, तेव्हापासून मी तिला भंडाऱ्याला आणायच्या मागे लागले होते. दर रविवारी जायचं, जेवायचं, भांडायचं आणि एकटीनं परत यायचं, हा माझा कार्यक्रम. उन्हाळ्यात घरची विहीर आटायची, नळ एक दिवसाआड यायचा, आणि दुखरे गुडघे घेऊन आई दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणायची.

ती विहीर बाबांनी स्वतः जागा पाहून खोदवलेली. आमच्याकडे चांगली जागा म्हणजे पक्की जागा. पहार मारली की खणकन वाजली पाहिजे, म्हणजे विहीर ढासळत नाही, बांधायचीही गरज नाही. गावातल्या कितीतरी विहिरी अशाच कडक दगडात उतरल्यात आणि होळी झाली की कोरड्या पडतात. बाबांना आपल्या विहिरीचा कोण अभिमान! भर उन्हाळ्यात ते पाहुण्यांना वाकून आत बघायला लावायचे, आणि पाहुणे बिचारे कोरडा तळ बघून भिंतींचं कौतुक करायचे.

एका रविवारी भांडण रंगात आलेलं असताना आईच म्हणाली, “अजून एक विहीर खोदू. जागा तू दाखव. पाणी लागलं तं मी इथंच राहीन. नाही लागलं तं सामान बांधून तुह्यासंगं येईन, मंग कुरकुर नाही करणार.”

मी हो म्हटलं आणि कचाट्यात सापडले. कारण पाणी कुठे आहे हे मला दिसत होतं. परसात, भाताच्या तणसाच्या ढिगामागे एक जागा होती. पावसाळ्यात तिथे बैलगाडीचं चाक रुतायचं, म्हणून घरात तिला नासकी जागा म्हणत. आईची कोचई, म्हणजे अळू, मात्र तिथेच माजायची. भर उन्हातही तिची एखाददुसरी पानं हिरवी असायची. तिथला जुना दगड कधीतरी चिरला होता. चिरांत पाणी मुरत गेलं, दगडाची कुठे माती झाली, कुठे मुरूम झाला. खोल मुळांशी घडतं ते वेगळं आणि हे वेगळं. मुलांनी परीक्षेत दोन्ही एक करून लिहिलं तर मी गुण कापीन. पण दोन्हीकडे काम पाण्याचंच. आणि न झिजलेल्या दगडात पाणी राहायला जागाच नसते.

पक्क्या दगडाकडे नुसतं बोट दाखवलं असतं, तर आई उन्हाळ्याच्या आत माझ्या घरी आली असती. कुणाला संशयही आला नसता, बाबांचीच तर पद्धत. खोटं कशाला बोलू, आठवडाभर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मला ती हवी होती. पण इतक्या वर्षांत तिनं माझ्या विषयातलं काही विचारलं ते पहिल्यांदाच, आणि त्याला चुकीचं उत्तर देणं मला जमेना. पुढच्या रविवारी मी नासकी जागा दाखवली.

शेजारचे काका हसले. ढासळेल म्हणाले, आणि ढासळलीच. पोकलेन लावलं तर कडा आत येऊ लागल्या, मग सिमेंटच्या रिंगा उतरवाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत नुसता पिवळा मुरूम निघत होता, ओलसर, पण पाण्याचा पत्ता नाही. मी घरात डोकावले तर आई जुन्या लुगड्यात पितळेची भांडी गुंडाळत होती. एकेक पुसून. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तशीच मागे फिरून पुन्हा विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी खालचा फुटका खडक लागला आणि चिरांमधून पाणी आलं. आधी गढूळ, मग हळूहळू नितळ. काका वाकून बघत राहिले, भिंतींबद्दल काही बोलले नाहीत.

आमच्या घरी नव्या विहिरीचं पहिलं पाणी लेकीच्या पायांवर घालतात. मी नको म्हणत होते, गुडघ्यांची आठवण करून देत होते, पण आई ऐकेना. बादली घेऊन माझ्यापुढे खाली बसली आणि हातानं माझे पाय धुऊ लागली.

“मले मालूम होतं, तुले मी तिकडं पाह्यजे होती,” ती मान खाली घालून म्हणाली. “तरी तू खरी जागा दाखवली.”

मी बादली बाजूला सारली आणि तिला हात धरून उठवलं. त्या संध्याकाळी मी एकटीच भंडाऱ्याला परतले. आई माझ्यासोबत आली नाही, आणि ते माझ्याच हातानं झालं, याचं मला आजही फार बरं वाटतं.